घर विकायचे आहे. दार किती उघडावे?



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. घर पाहावे विकून, असे मात्र कुणी सांगून ठेवलेले नाही. पूर्वी गावातले घर विकणे म्हणजे गावातले नाव पुसणे असे समजत. कर्जात बुडालेल्या माणसाखेरीज ती वेळ कुणावर येत नसे. आज तसे राहिलेले नाही. मुले पिंपरीला, नाशिकला, छत्रपती संभाजीनगरला नोकरीवर असतात. म्हातारी माणसे चार महिने एका मुलाकडे, चार महिने दुसऱ्याकडे. गावच्या घराला कुलूप. कुलूपबंद घराचे पुढे काय होते ते तुम्ही पाहतच आहात. पहिल्या पावसाळ्यात कौले सरकतात, पुढच्या दोन पावसाळ्यांत वासे कुजतात आणि मग एके दिवशी भिंत बसते. तेव्हा घर उभे आहे तोवर योग्य माणसाला, योग्य भावात देऊन टाकणे यात कमीपणा काही नाही.

प्रश्न आहे तो कसे विकावे याचा. मी शेतीखात्याचा माणूस. पण तालुक्यात फिरताना पिकापाण्याचे बोलणे संपले की पारावर हा विषय हमखास निघतो आणि त्यात दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. घर विकायचे आहे हे गावाला कळूच देऊ नये. कळले की लोक गरज ओळखतात आणि भाव पाडतात." दुसरा पक्ष म्हणतो, "लपवायचे कशाला? दिवस ठरवा, गावाला सांगा, दार सताड उघडा. पन्नास माणसे पाहून गेली तर पाच तरी भाव विचारतील."

अलीकडे दुसऱ्या पक्षाला परदेशाचा आधार मिळाला आहे. कुणाचा भाचा, कुणाचा जावई अमेरिकेत असतो. तो सांगतो की तिकडे घर विकायचे झाले की सर्वांना घर खुले करतात. मग आपण का करू नये? दोन्ही पक्षांत थोडे खरे आहे आणि थोडी गफलत आहे. ती आज पाहू.

तिकडची चाल काय आहे?

अमेरिकेत या चालीला ओपन हाऊस म्हणतात. बहुधा शनिवारी किंवा रविवारी दुपारी दोन-तीन तास घर खुले असते. अंगणात पाटी लावतात, घरची माणसे बाहेर जातात आणि दलाल दारात उभा राहतो. ज्याला वाटेल त्याने आत यावे, खोल्या पाहाव्यात, माहितीचा कागद घेऊन जावे.

याने घर विकते का? तिथल्या दलालांची राष्ट्रीय संघटना दर वर्षी घर घेणाऱ्यांची पाहणी करते. तुम्ही घेतलेले घर तुम्हाला प्रथम कसे समजले, असे त्यात विचारतात. निम्म्याच्या आसपास लोक इंटरनेटवर समजले असे सांगतात. त्याखालोखाल दलालाकडून समजले असे सांगणारे असतात. अंगणातली किंवा ओपन हाऊसची पाटी पाहून घर सापडले असे सांगणारे गेल्या दहा वर्षांत शंभरात दहासुद्धा नाहीत. म्हणजे घर आधीच माहीत झालेला माणूस ते डोळ्यांनी पाहायला तिथे जातो. उघडे दार पाहून आत शिरला आणि घर घेऊन बाहेर आला, असे क्वचित होते. शिवाय दलालाचा एक फायदा वेगळाच असतो. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि फोन नंबर तो वहीत लिहून घेतो. हे घर नाही विकले तरी पुढच्या घरासाठी त्याला गिऱ्हाइके मिळतात.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न, सिडनी या शहरांत थोडी वेगळी रीत आहे. तिथे पुष्कळ घरे लिलावाने विकतात. आधी तीन-चार आठवडे ठरलेल्या वेळी घर पाहायला खुले ठेवतात आणि मग एखाद्या शनिवारी घरासमोरच बोली लावतात. तिथे गर्दीचा उपयोग होतो, कारण घेण्याच्या तयारीने आलेली दोन-तीन माणसे एकाच वेळी समोरासमोर उभी असतात. आपल्या बाजार समितीत कांद्याचा उघड लिलाव होतो तसाच हा प्रकार. एक व्यापारी असला तर भाव त्याचा, चार असले तर भाव मालाचा.

पण एक फरक विसरू नका. तिकडे विकणारा आणि घेणारा एकमेकांना अनोळखी असतात आणि घराचे कागद तपासून देण्याची व्यवस्था ठरलेली असते. आपल्या गावात उलटे आहे. माणसे सगळी ओळखीची आणि कागद मात्र अनोळखी! कित्येकांनी आपल्या घराचा उतारा वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो.

शिवारफेरी आठवा

आमच्या खात्यात ओपन हाऊससारखाच एक कार्यक्रम असतो. त्याला आपण शिवारफेरी म्हणतो. एखाद्या शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक घ्यायचे आणि पीक जोमात आले की गावाला बोलवायचे. माणसे येतात, कणसे हातात घेऊन पाहतात, माना डोलावतात, चहा पिऊन जातात. पुढच्या हंगामात ते वाण पेरणारी माणसे यातली किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

ती कोणती हे ओळखायला मी इतक्या वर्षांत एक खूण शिकलो आहे. गर्दीत मोठमोठ्याने वाहवा करणारा पेरत नाही. दोन दिवसांनी एकटाच परत येऊन "बी एकरी किती लागले, खत कधी दिले, पाणी किती पाळ्या?" असे विचारणारा पेरतो. घराचेही तसेच आहे. पहिल्यांदा येतो तो पाहुणा, दुसऱ्यांदा येतो तो गिऱ्हाईक. आणि दुसऱ्यांदा येताना त्याने बायकोला किंवा गवंड्याला बरोबर आणले असेल, तर तो खरा घेणारा समजावा. पुरुष माणूस ओसरी पाहून खूश होतो. बाई माजघरातला उजेड, चुलीच्या धुराची वाट, पाण्याचा नळ आणि न्हाणीचे सांडपाणी पाहते. तिला पटल्याशिवाय व्यवहार होत नाही आणि झालाच तर टिकत नाही.

तेव्हा पन्नास माणसे आली म्हणून हुरळू नका. असतील शिते तर जमतील भुते. चहा आणि फुकटची करमणूक असली की गर्दी होतेच.

दोन घरांची हकिगत

माझ्या फिरतीत पाहिलेल्या दोन घरांची हकिगत सांगतो. गावे आणि नावे सांगण्याचे कारण नाही.

पहिले घर सहा खणांचे, माळवदाचे, मागे परस आणि परसात आड. दोघे भाऊ, दोघेही बाहेरगावी. त्यांनी गावात सांगून एका रविवारी घर उघडले. साठ-सत्तर माणसे आली. त्यातल्या एकानेही घर घेतले नाही. पण त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. पलीकडचा शेजारी म्हणाला, "घर खुशाल विका, पण हा बोळ सामाईक आहे. माझ्या गुरांची वाट इथून आहे, ती कागदात लिहा." आणि गावातच दिलेली थोरली आत्या ओसरीवर बसून म्हणाली, "बापाच्या घरात माझेही नाव आहे, मला कुणी विचारले का?" भावांना त्या दिवशी फार राग आला. दिवस फुकट गेला असे त्यांना वाटले.

पण मागे वळून पाहिले तर तोच दिवस कामाचा ठरला. बोळाचा वाद नकाशा पाहून चार माणसांत मिटला. आत्याला तिचा वाटा देण्याचे ठरले आणि तिने नोंदणी कचेरीत येऊन सही करण्याचे कबूल केले. सात-आठ महिन्यांनी समोरच्याच आळीतल्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने ते घर घेतले. त्याच्या वकिलाने कागद पाहिले तेव्हा अडायला काही उरले नव्हते.

दुसरे घर झाकल्या मुठीचे. मुलीच्या लग्नाचे देणे डोक्यावर होते. घरमालकाने कुणाला कळू न देता, तालुक्याच्या एका माणसाशी रात्री बोलणी करून इसार घेतला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. भाव घेणाऱ्याने सांगितला तो. सामाईक भिंतीच्या शेजाऱ्याला हे कळले तेव्हा तो हळहळला. त्याला मुलासाठी तीच जागा हवी होती आणि तो दीड पट द्यायला तयार होता. पुढे मालकाच्या दोन बहिणींनी हिश्शाचा दावा लावला. घेणाऱ्याचे पैसे अडकले, घर पडून राहिले, भावाबहिणींचे येणेजाणे तुटले. भाऊबीजेला त्या घरी आता ओवाळायला कुणी येत नाही. घराच्या किमतीत हा तोटा धरायचा कसा ते तुम्हीच सांगा.

दोन्ही हकिगतींचे तात्पर्य एकच. दार उघडल्याने गिऱ्हाईक मिळतेच असे नाही. पण दार उघडल्याने हरकत बाहेर येते आणि बाहेर आलेली हरकत मिटवता येते. झाकलेली हरकत मात्र घर विकल्यावर उगवते. तणासारखी. खुरपणी वेळेवर केली तर एक दिवसाची, उशिरा केली तर पीक गेले.

आधी कागद उघडा, मग दार

म्हणून घर दाखवण्याआधी पुढची कामे करून घ्या.

१. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. लोक याला असेसमेंट उतारा म्हणतात. त्यावर कुणाची नावे आहेत ते पाहा. आजोबांचेच नाव अजून असेल तर आधी वारसनोंद करा. हा उतारा करआकारणीचा आहे. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे ध्यानात असू द्या.

२. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक घ्या. पूर्वी पुष्कळ गावठाणांची घरवार मोजणीच झालेली नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावोगाव ड्रोनने मोजणी होऊ लागली. पत्रकावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळते का ते पाहा. चूक असेल तर भूमी अभिलेख कचेरीत अर्ज करून आधी दुरुस्त करून घ्या.

३. हिस्सेदारांची यादी करा आणि त्यात मुली मोजा. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला. केंद्राच्या २००५ सालच्या दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ पासून, तो सर्वच मुलींना मिळाला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. "बहीण काही मागणार नाही" हा भावाचा अंदाज झाला, कागद नव्हे. ती खुशीने हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदवलेले हवे. सोडत नसेल तर तिचा वाटा आधी ठरवा.

४. भाऊबंदांना आधी विचारा. ही नुसती रीत नाही, कायदाही तसाच आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, वारसाने मिळालेल्या घरातला आपला वाटा एकाने विकायला काढला, तर बरोबरच्या वारसांना तो घेण्याचा पहिला हक्क असतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एकाचा वाटा परक्याने घेतला, तर तेवढ्याने त्याला त्या घरात येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही. शहाणा घेणारा असा वाटा घेतच नाही.

५. घरावर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तो सांगा आणि फेडण्याची व्यवस्था दाखवा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेचे बिल भरून पावत्या एका पिशवीत ठेवा.

६. सरकारने दिलेल्या जागेवरचे किंवा घरकुल योजनेतले घर असेल तर विक्रीला काय अटी आहेत ते आधी तहसील आणि पंचायत समितीत विचारा. शेतातल्या घराची गोष्टही वेगळी आहे. त्याला शेतजमिनीचे नियम लागतात. गावठाणातल्या घरासारखे ते कुणालाही देता येत नाही.

एवढे झाले की वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याची चाल आहे. कुणाची हरकत असेल तर इतक्या दिवसांत कळवावी, असा तिचा मजकूर असतो. ही नोटीस बहुधा घेणारा देतो. माझे म्हणणे असे की घेणारा यायच्या आधी तुम्हीच ही नोटीस तोंडी द्या. पारावर सांगा, भाऊबंदांना सांगा, सासरी गेलेल्या लेकींना सांगा. याला पैसे पडत नाहीत.

गिऱ्हाईक कोण आणि ते कधी भेटते?

शहरातले घर कुणीही घेतो. गावातले घर घेणारी माणसे थोडी असतात आणि ती बहुधा ठरलेली असतात. पहिला, भिंतीला भिंत असलेला शेजारी. त्याला तुमच्या जागेची किंमत इतरांपेक्षा जास्त, कारण त्याचे घर मोठे होते. दुसरा भाऊबंद. तिसरा, गावाबाहेर कमावणारा पण गावात घर हवे असलेला गावकरी. चौथा, नोकरीने किंवा धंद्याने गावात स्थायिक होऊ पाहणारा माणूस. आणि पाचवा, घराचा नव्हे तर लाकडाचा गिऱ्हाईक. जुन्या वाड्याचे सागवानी खांब, तुळया, दरवाजे यांवर त्याचा डोळा असतो. तो घराचा भाव करतो तेव्हा आत किती घनफूट साग आहे ते मनात मोजून झालेले असते. तुम्हीही सुताराकडून आधी मोजून घ्या.

यातल्या तिसऱ्या माणसाकडे विशेष लक्ष द्या, कारण पैसा बहुधा त्याच्याकडे असतो. तो केव्हा गावात येतो? देशावर गावच्या यात्रेला, कोकणात गणपतीला आणि शिमग्याला, इतरत्र गौरी-महालक्ष्मीला आणि दिवाळीला. घर खुले करायचेच तर आडवारी एखादा रविवार धरण्यापेक्षा हे दिवस धरा. तेव्हा लेकीही माहेरी आलेल्या असतात, म्हणजे हिस्सेदारांची बैठकही त्याच वेळी होते. आपल्या गावाचा ओपन हाऊस हाच. बाहेरगावी असलेल्यांना मोबाइलवर घराचे फोटो आधी पाठवा. दर्शनी भिंतीचा एकच फोटो पाठवू नका. छत, न्हाणी, परस, पाण्याची सोय आणि येण्याची वाट, हे सगळे दाखवा. ज्याला पटायचे नाही तो फोटोवरच थांबेल आणि तुमची चहापावडर वाचेल.

धार काढून दाखवा

म्हैस विकायची तर आपण दोन्ही वेळची धार गिऱ्हाइकासमोर काढून दाखवतो. सकाळची काढून संध्याकाळची टाळली की घेणारा लगेच ओळखतो. घराची धार म्हणजे पाऊस. घर कुठे गळते, ओल कुठवर चढते, अंगणातले पाणी कुठे जाते, हे पावसाळ्यात दिसते. उन्हाळ्यात रंग लावून दाखवलेल्या घराचा गिऱ्हाईक पहिल्या मृगाच्या पावसाची वाट पाहत लांबतो. पावसाळ्यात घर पाहून गेलेला गिऱ्हाईक दिवाळीत निःशंकपणे बोलतो.

डागडुजी जरूर करा. सरकलेली कौले परतून घ्या, माळवदावरचे गवत काढा, चुना किंवा पांढरी माती लावा, गोठ्यातले शेण आणि परसातला पाचोळा उचला, बंद खोल्या दोन दिवस आधी उघडून हवा खेळू द्या. कुबट वासाने जितके घर नापसंत होते तितके जुनेपणाने होत नाही. पण डागडुजी वेगळी आणि लपवालपवी वेगळी. कीड लागलेल्या तुळईवर रंग मारू नका. भिंतीवरून गेलेल्या मातीच्या नळ्या, लाकडाला बारीक भोके आणि खाली पडलेली पिठासारखी पूड हे गवंडी-सुताराच्या नजरेतून सुटत नाही. खांबावर टिचकी मारली तरी पोकळ आवाज येतो. एक लबाडी सापडली की घेणारा चार आणखी आहेत असे धरून भाव पाडतो.

कायद्याचेही हेच सांगणे आहे. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, नेहमीच्या पाहणीत घेणाऱ्याला दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मग तो दोष घराचा असो की मालकीचा. तेव्हा कमजोर तुळई स्वतःच दाखवा आणि ती बदलण्याचा खर्च धरून भाव सांगा. दाखवलेल्या दोषाची किंमत एकदाच कमी होते.

घर दाखवण्याची रीत

सणाच्या दिवशी सरसकट सांगितले तरी आत सोडताना रीत पाळा.

एका वेळी एकच कुटुंब आत न्या. बरोबर घरचे एक माणूस असावे आणि बाहेर ओसरीवर दुसरे. देवघर आणि कपाटाची खोली शेवटी. दागिने, रोकड आणि मूळ कागद त्या दिवशी घरात ठेवू नका. कागदांच्या छायाप्रती दाखवा. अनोळखी माणूस आला तर त्याचे नाव, गाव आणि कुणाच्या ओळखीने आला ते लिहून ठेवा.

खरे गिऱ्हाईक दोन-तीन असतील तर त्यांना एकाच दिवशी, पण तासाच्या अंतराने बोलवा. एक निघताना दुसरा दारात दिसला की बाकी बोलावे लागत नाही. मात्र भाव वाढवण्यासाठी खोटा गिऱ्हाईक उभा करू नका. गाव लहान असते. संध्याकाळच्या आत ते कळते आणि मग खऱ्या गिऱ्हाइकालाही तुम्ही खोटे वाटता. भाव सर्वांना एकच सांगा. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करतात, ती रीत घराला लावू नका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विश्वासात घ्या. एका ठिकाणी गिऱ्हाईक खोलीत शिरले तेव्हा आजीबाई पाटावर जेवत होत्या. घर विकायचे आहे हे त्यांना त्या क्षणी समजले. असे होऊ देऊ नका. ज्या उंबऱ्यावर त्या माप ओलांडून आल्या, तो विकण्याचे त्यांच्या कानावर परक्याकडून जाऊ नये. ग्रामपंचायतीच्या नोंदीत पुष्कळ ठिकाणी पती-पत्नी दोघांचीही नावे असतात. तेव्हा बाईची संमती ही मायेची गोष्ट आहे, तशी सहीचीही आहे.

बोलणी जमल्यावर

बोलणी जमली की तोंडी राहू नका. इसार घेतला तर इसारपावती, मुदत मोठी असेल तर साठेखत करा आणि त्यात मुदत व शिल्लक रक्कम स्पष्ट लिहा. चतुःसीमा लिहिताना बोळ, सामाईक भिंत, पन्हाळीचे पाणी आणि आडाचा हक्क विसरू नका. गावातली निम्मी भांडणे या चार गोष्टींची असतात. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे घर नोंदवलेल्या खरेदीखतानेच विकता येते. साध्या किंवा नोटरीच्या कागदावर "घर दिले" असे लिहून मालकी जात नाही. मुद्रांक शुल्क हे ठरलेली रक्कम आणि सरकारी मूल्यदर यांतली जी जास्त असेल तिच्यावर पडते. तेव्हा किंमत कमी लिहून फायदा होत नाही, धोका मात्र होतो. आणि पैसे बँकेतून घ्या. १ जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, होऊ शकतो.

तर दोन्ही पक्षांना माझे उत्तर असे. दवंडी पिटून घर दाखवल्याने गर्दी होईल, विक्री होईलच असे नाही. घर घेणारा तुमच्या आळीत किंवा यात्रेला येणाऱ्या एस.टी.त असतो, त्याला शोधून दाखवावे लागते. आणि मूठ झाकणाऱ्यांना सांगणे इतकेच की घरात सव्वा लाखाचा माल असेल तर मूठ उघडायला भ्यायचे कारण नाही. कागद उघडे ठेवा, दोष उघडे ठेवा, बहिणींशी बोलणे उघडे ठेवा. मग दार दोन तास उघडे राहिले काय आणि दोन दिवस राहिले काय, फारसा फरक पडत नाही.

येत्या यात्रेला किंवा दिवाळीला सगळी भावंडे जमली की नमुना ८ चा उतारा तेवढा मध्ये ठेवा आणि सर्वांना वाचून दाखवा. विकायचे की नाही हे त्यानंतर ठरवले तरी चालेल.